करंट फिक्स केला की लेझरची पॉवर फिक्स? नाही हो

लेझर डायोडला (वीज दिली की लेझर प्रकाश देणारा छोटा पार्ट) कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे करंट एकसारखा ठेवणारं सर्किट, लावला की पॉवर हलत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अर्धंच खरंय ते. करंट स्थिर राहतो, प्रकाश नाही. डायोड तापला की त्याचा थ्रेशोल्ड करंट वाढतो, म्हणजे लेझर प्रकाश सुरू व्हायलाच जास्त करंट खर्च होतो आणि वर उरलेल्या करंटमधून निघणारा प्रकाशही थोडा घटतो, त्यामुळे मीटरवर करंट तोच दिसतो पण पॉवर मात्र घसरलेली. ६५० नॅनोमीटरच्या लाल डायोडला हा त्रास जास्तच.

म्हणूनच बऱ्याच डायोडच्या डबीत मागच्या बाजूला छोटा फोटोडायोड बसवलेला असतो, तो प्रकाश मोजतो आणि सर्किट त्याप्रमाणे करंट कमीजास्त करतं. पण इथेही गंमत आहे, डायोड तापला की सर्किट करंट वाढवणार, त्याने तो अजून तापणार, आणि लिमिट नसेल तर डायोड गेलाच समजा! शिवाय समोरच्या काचेवरून प्रकाश परत आत आला तर फोटोडायोडचं रीडिंगही चुकतं. तेव्हा मॅक्झिमम करंटची लिमिट आणि बऱ्यापैकी हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवेच, आणि वेव्हलेंग्थही (प्रकाशाची तरंगलांबी) जागची हलायला नको असेल तर पेल्टियर (विजेवर थंड-गरम करणारी चकती) लावून टेम्परेचरच धरून ठेवायचं.