भूक नेमकी कोणाला लागते? मुंग्यांच्या वसाहतीतील अन्नव्यवहार

मधाच्या थेंबाशी पोहोचलेल्या मुंगीकडे भिंगातून पाहिले, तर पिता पिता तिचे पोट फुगत जाते, पोटावरचे गडद पट्टे एकमेकांपासून दूर सरकतात आणि त्यांच्यामधली पातळ त्वचा ताणली जाऊन चमकू लागते. एवढ्याशा जिवाला इतके अन्न कशाला हवे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. खरे तर त्यातले फारच थोडे ती स्वतः पचवणार असते. मुंगीच्या पचनमार्गात प्रत्यक्ष पचन करणाऱ्या भागाच्या आधी एक लवचीक अन्नपिशवी असते आणि या दोहोंमध्ये एक झडप असते. झडपेपलीकडे गेलेले अन्न त्या मुंगीचे, अलीकडे राहिलेले साऱ्या वसाहतीचे. म्हणूनच शास्त्रज्ञ या पिशवीला 'सामाजिक जठर' म्हणतात.

वारुळात परतल्यावर दुसरी मुंगी तिला सामोरी येते, दोघींच्या मिशा एकमेकींच्या डोक्यावर भराभर फिरतात, जबडे उघडतात आणि भरलेल्या मुंगीच्या तोंडाशी द्रवाचा एक थेंब येतो. तो पिणारी मुंगी पुढे तिसरीला पाजते. असे पाजत पाजत, जी मुंगी कधीही वारुळाबाहेर पडलेली नाही तिच्यापर्यंतही ते अन्न पोहोचते.

इथेच खरा पेच आहे. बाहेर जाऊन अन्न आणणाऱ्या मुंग्या वसाहतीत थोड्याच असतात आणि त्यांची स्वतःची गरज मुख्यतः ऊर्जेची, म्हणजे साखरेची व इतर कर्बोदकांची असते. प्रथिनांची खरी निकड वाढत्या अळ्यांना आणि अंडी घालणाऱ्या राणीला असते, पण त्या जागच्या हलत नाहीत. मग ज्यांना भूक आहे त्यांची खबर, ज्या अन्न शोधत आहेत त्यांना कशी लागते?

हा पेच किती नेमकेपणाने सुटतो, ते ऑद्रे द्युसुतूर आणि स्टीफन सिम्पसन यांनी ऑस्ट्रेलियातील हिरव्या डोक्याच्या मुंग्यांवर केलेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. प्रथिने जास्त असलेले एक खाद्य आणि कर्बोदके जास्त असलेले दुसरे, असे दोन्ही समोर ठेवले असता मुंग्या दोन्हींतून अशा बेताने उचल करीत, की वसाहतीला मिळणारे एकूण प्रमाण ठरावीक राही. आणि अळ्या आहेत की नाहीत, यावर ते प्रमाण बदले. निवडीला वाव न ठेवता केवळ प्रथिनबहुल खाद्य दिले, तेव्हा मुंग्यांनी त्यातील कर्बोदके काढून घेतली आणि उरलेली प्रथिने बाहेर टाकून दिली. ही नासाडी नव्हती, तो बचाव होता, कारण अशा खाद्यावर कामकरी मुंग्या लवकर मरतात. आपण प्रथिनांना एरवी निव्वळ गुणकारी मानतो. प्रौढ मुंगीसाठी त्यांचा अतिरेक घातक ठरतो, ही बाब मला या साऱ्या संशोधनात सर्वांत लक्षणीय वाटते.

वसाहतीला किती अन्न हवे याचा हिशोब कसा लागतो, हे इस्राएलमधील वाइझमन संस्थेत ओफर फाइनरमन यांच्या गटाने 2018 मध्ये दाखवले. त्यांनी सुतारमुंग्यांच्या पाठीवर बारकोडच्या चिमुकल्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि अन्नात चमकणारे रंगद्रव्य मिसळले, त्यामुळे कोणत्या मुंगीच्या पोटात किती अन्न आहे हे कॅमेऱ्यात दिसू लागले. अन्न आणणारी मुंगी आपली पिशवी पूर्ण रिकामी करूनच पुन्हा बाहेर पडते, असा पूर्वी समज होता. प्रत्यक्षात ती थोडे थोडे अन्न अनेकींना देत असते आणि एका भेटीत किती अन्न दिले जाईल, हे सरासरीने घेणारीच्या पिशवीत किती जागा मोकळी आहे त्यावर ठरते. वसाहत भुकेली असेल तर तिची पिशवी झपाट्याने उतरते आणि ती लवकर बाहेर पडते. वसाहत तृप्त होत आली की अन्न खपायला वेळ लागतो आणि तिच्या फेऱ्या आपोआप मंदावतात. साऱ्या वसाहतीची भूक तिला मोजावी लागत नाही. स्वतःच्या पोटातला भार पुरेसा असतो.

अळ्यांकडे केवळ खाणारी तोंडे म्हणून पाहणे मात्र चुकीचे ठरेल. प्रौढ मुंगीची कंबर अतिशय बारीक असते आणि तोंडामागच्या एका कप्प्यात घन कण गाळले जातात, त्यामुळे ती जवळजवळ केवळ द्रवावरच जगते. मारून आणलेला किडा तिला खाता येत नाही. आगमुंग्यांमध्ये कामकरी मुंग्या अशा भक्ष्याचा तुकडा शेवटच्या टप्प्यातील मोठ्या अळीच्या तोंडाखाली, तिच्या अंगावरच ठेवतात. अळी त्यावर पाचक रस सोडते आणि तुकडा हळूहळू विरघळतो. घन अन्नाच्या बाबतीत अळ्या म्हणजे वसाहतीचे पचनसंस्थान आहेत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

कोष तर काहीच खात नाहीत, हालतही नाहीत, त्यामुळे या व्यवहारात त्यांना स्थान नाही असेच मानले जात होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ओर्ली स्नीर, डॅनियल क्रोनाउअर आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये हा समज बदलला. लुटारू मुंग्यांच्या एका जातीत कात टाकण्याच्या प्रक्रियेतून कोषांच्या अंगावर पोषकद्रव्यांनी भरलेला द्रव पाझरतो आणि प्रौढ मुंग्या तो चाटून घेतात. कोष वेगळे काढून ठेवले, तेव्हा हा द्रव त्यांच्याभोवती साचत गेला आणि ते त्यातच बुडून किंवा बुरशी लागून मेले. म्हणजे चाटणाऱ्या मुंग्यांचे पोट भरते आणि त्याच वेळी कोषांचा जीव वाचतो. नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या अळ्यांना तर कामकरी मुंग्या उचलून थेट कोषांवर नेऊन ठेवतात. तिथे त्या तो द्रव पितात, आणि तो न मिळाल्यास त्यांची वाढ खुंटते व त्यांतल्या अनेक दगावतात.