फायटोस्टॅबिलायझेशन

खाणीतला टाकाऊ माल, टेलिंग्जचे (धातू काढून घेतल्यावर उरलेल्या चुऱ्याचे) ढीग आणि धातूंनी नासलेली जमीन यांत चुना, शेणखत, कंपोस्ट असलं काहीतरी मिसळून वर तग धरणारं गवत नि झाडं लावायची पद्धत. धातू जमिनीतच राहतात, फक्त जागच्या जागी अडकतात, धूळ उडत नाही आणि पावसाबरोबर ओढ्यात जाणंही कमी होतं. झाडानं धातू शोषायचा आणि झाड कापून न्यायचं ते फायटोएक्स्ट्रॅक्शन, त्याचा गाजावाजा जास्त पण खाणींवर उपयोगी पडते ती बहुतेक वेळा पहिलीच पद्धत.

सुरुवात कुणापासून धरायची यावर मतं वेगळी आहेत. काहीजण थेट 16व्या शतकातल्या चेझाल्पीनो या वनस्पतीशास्त्रज्ञापर्यंत जातात, त्यानं इटलीत काळ्या दगडांवरच वाढणाऱ्या एका रोपाची नोंद केली होती, ते बहुधा अॅलिसम बर्टोलोनी असावं, ज्याच्या सुक्या पानांत सुमारे 1 टक्का निकेल असतं हे 1948 मध्ये मिंगुत्सी आणि वेर्न्यानो यांनी दाखवलं. पण हा धागा खरं तर शोषणाच्या बाजूचा. स्थिरीकरणाचा, म्हणजे धातू जागीच अडकवण्याचा, धागा प्रात या संशोधकानं 1934 मध्ये तांब्याच्या खाणीवरच्या सायलीन या रोपावर केलेल्या कामापासून निघतो, आणि ब्रॅडशॉनं 1952 मध्ये शिसं-जस्त सोसणाऱ्या अॅग्रोस्टिस गवताबद्दल लिहिलं तिथून तो पक्का झाला असं मानणं जास्त बरं, कारण पुढं त्याच कामातून वेल्समधल्या खाणींवरच्या गवताचे वाण तयार झाले: आम्लधर्मी शिसं-जस्ताच्या ढिगांना गोगिनन, चुनखडीवाल्यांना मर्लिन, तांब्याला पॅरिस (Parys).

चुन्यानं सामू वाढला की जस्त, कॅडमियम कमी विरघळतात, फॉस्फेटनं शिसं पायरोमॉर्फाइट हे न विरघळणारं खनिज होऊन बसतं. आर्सेनिक असेल तर मात्र हेच फॉस्फेट उलटं पडतं, ते आर्सेनिकला मातीच्या कणांवरून सुटं करतं, म्हणून आधी माती तपासायची मग खत ठरवायचं.

स्पेनमध्ये अस्नालकोयार खाणीच्या टेलिंग्जचा बांध एप्रिल 1998 मध्ये फुटला तेव्हा गाळ उचलून ग्वादियामार खोऱ्यात बीटच्या साखर कारखान्यातला चुना आणि कंपोस्ट वापरलं. झाडी आली, पण चराई बंदच ठेवली. आपल्याकडं नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगावर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं उसाचं प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी), रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर हे नत्र देणारे जिवाणू आणि मायकोरायझा ही मुळांवरची बुरशी देऊन झाडं वाढवली.