पंपकिन स्पाइस लाटे (घरी केलेली)

पंपकिन स्पाइस लाटे ही अमेरिका आणि कॅनडात पानगळीच्या दिवसांत, म्हणजे तिकडच्या भाषेत फॉलमध्ये, प्यायली जाणारी मसाल्याची दूध-कॉफी. कडक एस्प्रेसो, गरम फेसाळ दूध, साखर, दालचिनी-सुंठ-जायफळ-लवंगेचा मसाला, वर फेटलेली क्रीम आणि क्रीमवर परत चिमूटभर मसाला. नावात पंपकिन म्हणजे लाल भोपळा आहे म्हणून पहिल्यांदा पिणारा माणूस भोपळ्याची चव शोधत बसतो आणि ती काही सापडत नाही, कारण पंपकिन स्पाइस म्हणजे भोपळा अधिक मसाला असं नाहीच, भोपळ्याच्या पायमध्ये (पाय म्हणजे पिठाच्या पारीत गोड सारण भरून भट्टीत भाजलेला तिकडचा पदार्थ) घालतात तो मसाला असा त्याचा अर्थ आहे. पावभाजी मसाल्यात पाव कुठे असतो, तसंच हे. एवढं एकदा लक्षात आलं की घरी करणं बरंच सोपं होतं, कारण मग भोपळ्यावर डोकं न खपवता मसाला दुधात नीट कसा उतरवायचा इकडे लक्ष जातं आणि खरी गोम तिथेच आहे.

मसाला कॉफीच्या कितीतरी आधीचा

भोपळा हे मूळ अमेरिका खंडातलंच फळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणीला येतं आणि जाड सालीमुळे थंडीत बरेच दिवस टिकतं, त्यामुळे तिथे वस्ती केलेल्या इंग्रजांच्या स्वयंपाकात ते लवकरच शिरलं. नुसता भोपळा तसा मिळमिळीतच लागतो, मग त्यात जहाजांनी आलेले गरम मसाले पडायला लागले. १७९६ साली छापलेल्या अमेलिया सिमन्स यांच्या अमेरिकन कुकरी या पुस्तकात भोपळ्याच्या पुडिंगच्या दोन कृती आहेत, एकीत जायपत्री, जायफळ आणि आलं, दुसरीत ऑलस्पाइस (मिऱ्यासारखा दिसणारा एक मसाला) आणि आलं. म्हणजे आजचा पंपकिन स्पाइस जवळजवळ तयारच होता, फक्त डबीत भरायचा राहिला होता. ते काम मॅकॉर्मिक या मसाल्याच्या कंपनीने १९३४ मध्ये केलं आणि पंपकिन पाय स्पाइस नावाने तयार मिश्रण विकायला काढलं.

जायफळाची तिकडे इतकी मातब्बरी होती की कनेक्टिकट राज्याला अजूनही जायफळाचं राज्य असं टोपणनाव आहे, आणि त्यामागची लोककथा अशी की तिथले फेरीवाले लाकडाची जायफळं कोरून खऱ्याच्या भावात खपवायचे. खरं-खोटं देव जाणे पण जायफळ महाग होतं एवढं तरी त्यातून कळतं.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा सण असतो आणि त्या जेवणात भोपळ्याचा पाय लागतोच. त्याआधी ऑक्टोबरअखेर हॅलोविन, तिथेही भोपळे. म्हणजे हा मसाला चवीइतकाच त्या दिवसांच्या वासाशी जोडलेला आहे, चकलीची भाजणी दळून आणली की घरात दिवाळीचा वास येतो ना, तसा.

दुकानातली लाटे

कॉफीत हा मसाला कुणीतरी आधीही घातला असेलच, पण पेयाला नाव, कप आणि गर्दी मिळाली ती स्टारबक्स या अमेरिकन कॉफी-दुकानांच्या साखळीमुळे. २००३ साली सिएटलच्या मुख्यालयात पीटर ड्यूक्स यांच्या टीमने प्रयोग केले. भोपळ्याचे पाय आणून ठेवायचे, एक घास पायचा आणि वर एक घोट एस्प्रेसोचा, पायवरच कॉफी ओतून बघायची, आणि पायमधलं नेमकं काय कॉफीबरोबर उठून दिसतंय ते टिपायचं. त्या वर्षीच्या पानगळीत व्हँकुव्हर आणि वॉशिंग्टन डीसी इथल्या दुकानांत चाचणी झाली आणि पुढच्या वर्षापासून ती सगळीकडे आली.

गंमत म्हणजे बरीच वर्षं त्यात भोपळा अजिबात नव्हता. त्यावरून २०१४ मध्ये इंटरनेटवर चांगलाच गदारोळ झाला आणि २०१५ पासून कंपनीने कॉफीत घालायच्या मसाल्याच्या सॉसमध्ये खरा भोपळ्याचा गर घातला आणि कॅरॅमलचा रंग काढून टाकला. चवीत फार फरक पडला असं मला वाटत नाही, आणि पडायचं कारणही नाही, भोपळा त्यात दाटपणापुरता. पुढे मेणबत्त्या, बिस्किटं, साबण, कुत्र्यांचा खाऊ, कशाकशात हा वास आला आणि त्याची टिंगलही झाली, पण २०२२ मध्ये मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने पंपकिन स्पाइस हा शब्द घेतला तेव्हा टिंगल करणारेही गप्प बसले असतील. आता तर ही कॉफी ऑगस्टच्या शेवटीच दुकानात येते, बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि लोक हातात पानगळ घेऊन हिंडतात.

घरी करताना

मसाल्याचं साधारण प्रमाण असं: दालचिनीपूड चार भाग, सुंठ दोन भाग, जायफळ एक भाग, लवंग अर्धा भाग, ऑलस्पाइस असेल तर तोही अर्धा. ऑलस्पाइस म्हणजे सगळ्या मसाल्यांचं मिश्रण नव्हे, जमैकाकडच्या एका झाडाची वाळवलेली फळं आहेत ती, मिऱ्यासारखी दिसतात. आपल्याकडे काही दुकानदार त्याला कबाबचिनी म्हणून देतात, पण कबाबचिनी वेगळी, तिला शेपटी असते. नाही मिळालं तर लवंग किंचित वाढवा, किंचितच, कारण लवंग जास्त झाली की कॉफी दातांच्या दवाखान्यासारखी लागते. जायफळ मात्र डबीतलं नको, अख्खं आणून आयत्या वेळी किसा, किसून ठेवलं की वास उडून जातो आणि उरतो तो भुसा.

आता खरी अडचण. बहुतेक जण तयार कॉफीवर मसाला भुरभुरवतात आणि ढवळतात, आणि मग कपाच्या तळाशी चिखल बसतो, वरच्या कॉफीला चव नाही आणि शेवटच्या घोटाला ठसका. मसाल्यातली सुगंधी तेलं पाण्यात नीट विरघळत नाहीत, ती स्निग्धात उतरतात, म्हणून मसाला दुधात तापवायचा, कॉफीत नाही. दुसरं म्हणजे दालचिनीच्या पुडीत चिकट द्रव्य असतं, ती गरम द्रवात फुगून बुळबुळीत होते. मी पहिल्या वर्षी उत्साहाने बाटलीभर सिरप केलं, न गाळता फ्रीजमध्ये ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी बाटलीतून तार निघायला लागली, जिलबीच्या पाकाची असते तशी छान नव्हे, शेंबडासारखी, सगळं ओतून दिलं. तेव्हापासून सिरप करायचं असेल तर अख्खी दालचिनी, चार-पाच लवंगा आणि ठेचलेली सुंठ घालतो, एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी, मंद आचेवर पंधरा मिनिटं, मग गाळायचं आणि गाळल्यावर जायफळ किसायचं. हे फ्रीजमध्ये आठवडाभर नीट राहतं. यात भोपळ्याचा गर घातला तर मात्र तीन-चार दिवसांत संपवा.

एकाच कपापुरतं करायचं तर सिरपच्या भानगडीत न पडता पातेल्यात दोन मोठे चमचे भोपळ्याचा गर, एक मोठा चमचा साखर किंवा गूळ आणि अर्धा छोटा चमचा मसाला मिनिट-दोन मिनिटं परतायचा, कच्चा वास गेला पाहिजे. मग पाऊण कपापेक्षा थोडं जास्त, म्हणजे २०० मिलीच्या आसपास फुल फॅट दूध घालून तापवायचं. इथे आपला हात उकळी आणण्याकडे जातो, ती आणायची नाही. लाटेचं दूध साधारण ६०-६५ अंश सेल्सियसपर्यंतच तापवतात, तेवढ्यात ते गोडसर लागतं आणि फेस टिकतो, त्यापुढे गेलं की उकळलेल्या दुधाची चव येते आणि फेस बसतो. थर्मामीटर नसेल तर वाफ दिसायला लागली की, कडेला बुडबुडे यायच्या आधीच, गॅस बंद. गूळ घातला तर दूध फाटायची धास्ती असतेच, तेव्हा गूळ परतताना विरघळवून घ्या आणि आच कमी ठेवा. ओलं आलं घालायचा मोह टाळा, त्यातल्या एंझाइममुळे दूध नासू शकतं. आपण चहात आलं आधी पाण्यात उकळतो म्हणून तिथे चालून जातं.

मग गाळणीतून गाळायचं, फेसायचं (बॅटरीवरचा फ्रॉदर, फ्रेंच प्रेसचा दट्ट्या वरखाली, नाहीतर झाकणाची बरणी अर्धीच भरून जोरात हलवणं, पण झाकण सैल ठेवलं तर भिंती रंगतात) आणि कपातल्या ६० मिली कडक कॉफीवर ओतायचं. एस्प्रेसो मशिन नऊ बारच्या दाबावर कॉफी काढतं, तेवढा दाब घरात कुठून आणणार, पण मोका पॉटची (गॅसवर ठेवायच्या छोट्या कॉफीच्या भांड्याची) कॉफी इथे मस्त चालते. दक्षिणेकडचं फिल्टर डिकॉक्शनही चालतं, फक्त चिकोरीवालं नको, चिकोरीचा कडवटपणा आणि लवंग यांचं पटत नाही. इन्स्टंट असेल तर दोन छोटे चमचे ६० मिली गरम पाण्यात, बास. हलकी भाजलेली आंबटसर कॉफी मात्र या मसाल्याखाली हरवते, महागडी असेल तर तिला यात बुडवू नका.

वरच्या क्रीमबद्दल एकच सांगायचं, भारतात टेट्रापॅकमध्ये मिळणारी २५ टक्के फॅटवाली फ्रेश क्रीम कितीही फेटली तरी उभी राहत नाही, साधारण ३५ टक्क्यांची गार क्रीम लागते. नाहीतर क्रीमशिवाय प्या.

भोपळा कुठला

अमेरिकेत डब्यातला गर मिळतो आणि बहुतेक लोक तोच वापरतात. त्याचं मोठं केंद्र इलिनॉय राज्यातलं मॉर्टन गाव, तिथे लिबीज कंपनीचा कारखाना आहे. डब्यात जातो तो डिकिन्सन जातीचा भोपळा, हॅलोविनला कोरतात तो केशरी गोल भोपळा नाही. हा डिकिन्सन फिकट तपकिरी, लांबट, बटरनट स्क्वॉशचा सख्खा नातेवाईक. हॅलोविनचा उरलेला भोपळा वाया जाऊ नये म्हणून लाटेत घालायचा विचार करत असाल तर तो पाणचट आणि धागेदार असतो, थालीपीठात घालून संपवा. आपला तांबडा भोपळा मात्र झकास चालतो. कुकरमध्ये वाफवायचा (पाण्यात शिजवायचा नाही), चाळणीतून घासून काढायचा आणि पातेल्यात परतून पाणी आटवायचं.

घारगे आणि जायफळाची कॉफी

मराठी माणसाला ही चव ओळखीची का वाटते याचं उत्तर घारग्यात आहे. तांबडा भोपळा, गूळ, जायफळ किंवा वेलची, हे मिश्रण आपण शतकानुशतकं नाही म्हणत, पण आजी-पणजीच्या काळापासून नक्की तळतोय. आणि कॉफी म्हटली की जायफळ हेही जुनंच. लग्नात, बारशाला, रात्री उशिरा पाहुणे आले की दुधातली कॉफी व्हायची, दूध-साखर चांगली उकळून, कॉफी घालून, वर जायफळ नाहीतर वेलची, आणि त्यात फेस वगैरे नसायचा, सायच यायची. ही कॉफी आणि लाटे यांची कृती उलटी आहे, तिकडे दूध उकळू द्यायचं नाही आणि इकडे उकळलेल्या दुधाचीच तर चव. ऋतूही जुळतो, कोजागरी बहुतेक वेळा ऑक्टोबरात येते आणि मसाला दुधात जायफळ असतंच, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरांत पंपकिन स्पाइसची डबी आणायची गरजच पडू नये, डब्यात सगळं असतं, वेलची तेवढी बाजूला ठेवायची. वेलची घातली तर कॉफी चांगलीच होते पण मग ती पंपकिन स्पाइस राहत नाही, सरळ खिरीकडे जाते.

आणखी एक विसंगती म्हणजे लहान बाळाच्या गुटीत झोप यावी म्हणून जायफळ उगाळतात आणि इकडे आपण जागं राहायला प्यायच्या कॉफीत तेच घालतो. कुणाचं चालतं ते ज्याचं त्याने बघावं, माझ्यावर तरी कॉफीचंच चालतं.

जायफळ कोकणातही होतं, नारळ-सुपारीच्या बागेत सावलीला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जायफळाच्या जाती आणि कोकण तेज ही दालचिनीची जात काढलेली आहे. ही दालचिनी खरी, पातळ सालीची. बाजारात जी जाड, कडक, तिखटसर साल मिळते ती बहुधा कॅशिया, अमेरिकेतही दालचिनी म्हणून मुख्यतः तीच विकतात, आणि या लाटेची ओळखीची ठसठशीत चव तिचीच आहे. खरी दालचिनी वापरली तर कॉफी नाजूक लागते, मग मसाला थोडा वाढवा.

जपून

जायफळ चिमटीतच ठेवायचं. अख्ख्या एक-दोन जायफळांची पूड पोटात गेली तर मळमळ, धडधड, भास होणं असे प्रकार होतात, त्यातल्या मिरिस्टिसिनमुळे. कॅशियात कुमारिन असतं आणि ते रोज भरपूर घेतलं तर यकृताला त्रास होऊ शकतो, ऋतूभर रोज एक कप पिणाऱ्याने पूड अर्ध्या छोट्या चमच्यापुढे नेऊ नये. दूध वर्ज्य असणाऱ्यांनी बाहेर पिताना विचारून घ्यावं कारण अमेरिकेत स्टारबक्सच्या सॉसमध्येच कंडेन्स्ड दूध असतं, ओटचं दूध सांगून उपयोग नाही. घरी ओटचं दूध घेतलं तर दाटपणा बरा येतो, बदामाचं दूध मात्र कडक कॉफीत फुटतं, दूध थोडं गरम करून आणि कॉफी थोडी निववून मग हळूहळू ओतलं तर कमी फुटतं.