शरदातल्या ओढ्याची हजेरी

आश्विन लागला की घाटमाथ्यावरचे ओढे निवळतात. चार महिने तांबडं, फेसाळ वाहणारं पाणी आठ-पंधरा दिवसांत असं स्वच्छ होतं की गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसतात. काठावर सोनकी पिवळी झालेली असते, तेरडा संपत आलेला असतो. आम्ही काहीजण याच दिवसांत मुळशी तालुक्यातल्या एका ओढ्यावर जातो. मासे धरायचे, ओळखायचे, मोजायचे, फोटो काढायचे आणि जिथे धरले तिथेच सोडून द्यायचे, एवढंच काम. अभयारण्याची हद्द टाळायची, ग्रामपंचायतीला आधी सांगायचं आणि एका दिवसात ओढ्याच्या दोन-तीनशे पावलांपेक्षा जास्त भाग ढवळायचा नाही, हे आमचे नियम.

शरदच का, याचं कारण पावसाळ्यात दडलेलं आहे. पहिले मोठे पाऊस झाले की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच. अनेक जाती उथळ ओढ्यांत, भातखाचरांच्या कडेला अंडी घालतात. पिल्लं तिथे वाढतात आणि पाणी ओसरू लागलं की खाली उतरतात. ऑक्टोबरमध्ये ओढ्यात त्या वर्षीची पिल्लं असतात, कायमचे रहिवासी असतात आणि उतरायला उशीर झालेले पाहुणेही असतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत धार तुटते, ओढा सुट्या डोहांचा होतो आणि त्या डोहांत जे अडकतात तेवढेच दिसतात. म्हणून सगळ्यांची हजेरी घ्यायची तर आत्ताच.

यंदा आमच्याबरोबर कातकरी वाडीतल्या एक मावशी होत्या. आमच्याकडे बारीक आसाचं जाळं, पांढरी घमेली आणि बोटभर माशांचा फोटो काढण्यासाठी छोटी काचपेटी. त्यांच्याकडे काहीच नाही. खळाळत्या भागात आमची पद्धत अशी: दोघांनी जाळं खालच्या बाजूला धरायचं, तिसऱ्याने वरच्या बाजूचे गोटे पायाने हलवायचे. तळाचे मासे बिथरतात आणि प्रवाहाबरोबर जाळ्यात येतात. मावशी वाकल्या, एका थाळीएवढ्या धोंड्याखाली दोन्ही हात घातले आणि मुठीत मासा घेऊनच उठल्या.

तो मळ्या होता. बोटापेक्षा जरा लांब, हिरवट करडा, पोटाकडून चपटा. मी एका सपाट खडकावरून दुसरा उचलायला गेले तर तो सुटेना. मावशी म्हणाल्या, "वढू नका ताई, सरकवा. कडंला आला की आपसूक सुटतो." तसंच झालं.

काचपेटीत सोडल्यावर त्याने काचेलाच छाती टेकवली आणि बाहेरून आम्हाला त्याची सगळी करामत दिसली. तोंड पुढे नसतं, खाली असतं. खालच्या ओठामागे मांसल गोल गादी असते, तिची कडा मोकळी. ती खडकावर दाबून बसली की चिकटते, आणि ओढली तर आणखी घट्ट बसते. कडेने हवा किंवा पाणी आत शिरलं की सुटते, मावशींच्या 'सरकवा'चा अर्थ तोच. छातीचे पर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले, त्यांचे पुढचे काटे जाड. वरून वाहणारं पाणी अशा शरीराला उचलण्याऐवजी खाली दाबतं. जिथे माणसाचे पाय घसरतात तिथे हा मासा निवांत शेवाळ खरवडत बसतो. हिमालयापासून सह्याद्रीपर्यंतच्या डोंगरी प्रवाहांतल्या माशांच्या या रचनांचा अभ्यास सुंदरलाल होरा या भारतीय प्राणिशास्त्रज्ञांनी १९२०-३०च्या दशकांत फार बारकाईने केला. पुण्याच्या नावाचा एक छोटा शिंगाळी जातीचा मासा, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस, त्यांनीच १९३८ मध्ये शास्त्राला ओळखीचा करून दिला. त्याच्या छातीवर कातडीच्या उभ्या घड्या असतात, आणि खडकाला धरून राहण्याची त्याची युक्ती त्या घड्यांत आहे. एकाच अडचणीवर दोन वेगळ्या कुळांतल्या माशांनी दोन वेगळे उपाय काढले आहेत.

मळ्याचं शास्त्रीय नाव सांगितलं तेव्हा मावशी हसल्या, कारण ते गारा मुल्या आहे. म्हणजे त्यांचाच शब्द. हे नाव १८३९ मध्ये कर्नल विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दिलं. मुंबई सरकारसाठी तो दख्खनची माहिती गोळा करत फिरत होता. लोकसंख्या, शेती, हवामान यांच्या नोंदी करता करता त्याने इथले पक्षी आणि मासेही नोंदवले. नव्या माशांना नावं देताना त्याने पुष्कळदा इथल्या लोकांच्या तोंडचाच शब्द उचलला. दख्खनी महसीर म्हणजे टॉर खुद्री. कोळशी म्हणजे हिप्सेलोबार्बस कोलुस. शिंगटी म्हणजे मिस्टस सीन्गटी. नुक्ता, पोटील, गोग्रा, हे सगळे शब्द आज जगभरच्या संग्रहालयांच्या बाटल्यांवर आहेत. ज्यांनी हे शब्द दिले त्या भोयांची, कोळ्यांची नावं कुठेच नाहीत, आणि मला त्याचं दरवेळी वाईट वाटतं. पण शब्द टिकले. त्यामुळेच आज मी ओढ्याकाठी उभी राहून जवळजवळ दोन शतकांपूर्वीच्या यादीशी ताडून पाहू शकते. मधल्या काळात फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची यादी केली, नंतरही पुण्यातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा केल्या. एकाच पाण्याच्या इतक्या जुन्या नोंदी असणं ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे.

खळाळातून आम्ही वाळूच्या पट्ट्यात उतरलो. इथे मुऱ्या सापडतात. वीतभरही नसलेला, मिशाळ, अंगावर पट्टे किंवा ठिपके असलेला मासा. जाळं वाळूत रुतवून उचललं तरच येतो, कारण बिथरला की एक जात थेट वाळूत घुसते आणि फक्त डोळे बाहेर ठेवते. या जातीच्या डोळ्याखाली एक बारीक काटा असतो. एरवी मिटलेला, हातात धरला की उघडतो, आणि बोटाला टोचल्यावरच तो आहे हे कळतं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर ही मुरी वर येऊन हवा गिळते आणि आतड्यातून श्वास घेते. उन्हाळ्यातल्या कोमट डबक्यात ती का टिकते याचं हे एक कारण.

मासा हातात घेण्यापूर्वी हात ओले करणं आम्ही फार कसोशीने पाळतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा म्हणजे त्याचं जंतूंपासूनचं चिलखत आहे. कोरड्या हाताने ते निघतं. सोडलेला मासा पोहत जातो, आपण समाधानाने घरी येतो, आणि तो चार दिवसांनी बुरशी येऊन मरतो.

पुढचा डोह गावाच्या पायवाटेला लागून आहे. तिथे जाळं टाकलं आणि पहिल्याच ओढीत गप्पी आले, पाठोपाठ दोन चिलापी. मन खट्टू झालं. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेचे, डास खातात म्हणून सोडलेले. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. गप्पी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतात, चिलापीची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे दोघांचीही प्रजा झपाट्याने वाढते. डास खायला आपल्या ओढ्यांत छोटे देशी मासे होतेच. त्यांच्याकडे पाहण्याआधीच आपण परदेशी मासा बादलीने ओतला.

पण 'देशी' हा शब्दही जपून वापरावा लागतो. रोहू आणि कटला हे भारतीय मासे, पण गंगेच्या खोऱ्यातले. कृष्णेच्या खोऱ्यातल्या धरणांत ते सोडलेले आहेत, इथले नाहीत. याची उलट बाजू आणखी बोचरी आहे. साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेत नोंदवलेला खुद्री महसीर लोणावळ्याच्या केंद्रात कृत्रिमरीत्या वाढवला गेला आणि तिथून दूरदूरच्या पाण्यांत पोचला. आपल्या खोऱ्यात त्याला त्यामुळे आधार मिळाला. पण कावेरीत तो उपरा होता. तिथला कुबडाचा मोठा महसीर, टॉर रेमादेवी, आज नामशेष होण्याच्या कड्यावर आहे, आणि त्यामागच्या कारणांत आपला खुद्रीही मोजला जातो. मासा एका देशाचा नसतो, तो एका पाण्याचा असतो. पश्चिम घाटात गोड्या पाण्यातल्या माशांच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. काहींचं सगळं जग म्हणजे दोन-चार नद्या.

आमचा हा ओढाही सरळ नाही. त्याचं पाणी मुळशीच्या जलाशयात जातं. मुळेची मूळ वाट भीमा आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराची. पण जलाशयाचं पाणी वीज करण्यासाठी घाट उतरवून भिऱ्याला नेतात आणि ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. मावशींना हे ठाऊक होतं. त्यांना काळजी होती ती जवळची: डोहात कोणी ब्लीचिंग पावडर टाकतं त्याची. पूर्वी गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकत, मासे गुंगायचे, हवे तेवढे उचलायचे. ब्लीचिंगने मासे, पिल्लं, झिंगे, खेकडे, किडे, सगळं एकदम मरतं. "पुढच्या साली त्या डोवात बेडूकबी न्हाय वरडला," त्या म्हणाल्या.

शेवटी एका मुळाखाली त्यांच्या हाती एक डोकरा आला, मरळीच्या कुळातला छोटा भाऊबंद. त्याचं तोंड फुगलेलं होतं. या जातीत अंडी आणि पिल्लं नर तोंडात सांभाळतो, आणि तेवढे दिवस धड खातही नाही. याच्या तोंडात काय होतं ते आम्ही पाहिलं नाही. दचकला तर थुंकून देईल म्हणून फोटोही न काढता मावशींनी हात पाण्यात नेला आणि मूठ उघडली.

ऊन कलल्यावर घमेली एकेक करून ज्या त्या जागी रिकामी केली. चिलापी मावशींनी कालवणाला घेतल्या, गप्पीही परत ओढ्यात सोडले नाहीत. काचपेटीत मळ्या राहिला होता. पेटी पाण्यात तिरकी केली, तरी तो काच सोडेना. मग बोट ओलं केलं आणि हलकेच कडेकडे सरकवला.