हुर्राक

काजूच्या बोंडूंचा आंबलेला रस भट्टीवर एकदाच उकळून, वाफ थंड करून मिळणारी गोव्यातली हंगामी दारू. याच हुर्राकाला पुन्हा भट्टी दाखवली की फेणी होते. फेणीत साधारण 42 ते 45 टक्के मद्यार्क असतो, हुर्राकात 15 टक्क्यांच्या आसपास. फेणी काचेच्या बुधल्यात वर्षानुवर्षे राहते, तर हुर्राक काही आठवड्यांतच आपला वास आणि चव गमावतो. म्हणून तो ज्या गावात निघतो त्याच्या आसपास आणि निघतो त्याच दिवसांत प्यायचा, अशी रीत पडली आहे. ‘हुर्राक’ किंवा ‘उर्राक’ हा शब्द अरबी ‘अरक’शी जोडला जातो. आपल्याकडचा ‘अर्क’ही त्याच अरबी शब्दातून आला. भट्टीजवळ उभं राहिलं की हे नातं पटतं.

काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात गोव्यात आणलं आणि त्याचं नावही त्यांच्याच बोलीतून मराठी-कोकणीत आलं. जांभ्या दगडाच्या उतारावर, जिथं दुसरं काही धड वाढत नाही तिथं ते रुजलं. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर आज काजूच काजू दिसतो. मोसम फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत. दारूसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप खाली पडलेलंच उचलतात. टोकाला खिळा ठोकलेली काठी घेऊन सकाळी बाया-माणसं बागेत फिरतात. खिळ्यावर बोंडू टोचायचं, बी पिरगाळून वेगळी करायची, बोंडू डब्यात टाकायचं. बी बाजारात जाते, बोंडू भट्टीकडे.

बोंडू मळायची जुनी जागा म्हणजे ‘कोळंबी’, जांभ्या खडकात कोरलेलं उथळ कुंड. त्यात उतरून पायांनी बोंडू तुडवायचे आणि उताराकडच्या भोकातून रस भांड्यात धरायचा. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलं आहे. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून त्याला वेल गुंडाळतात आणि वर जड धोंडा ठेवतात. त्यातून रात्रभर थेंबथेंब गळणारा नितळ रस म्हणजे ‘नीरो’. हा गोड असतो, पोरंसुद्धा पितात. मात्र सकाळचा नीरो दुपार कलली की आंबूस लागतो. काजूच्या हंगामात गोव्याला जाऊन जो नुसता हुर्राक पिऊन परततो, त्याचा निम्मा आनंद हुकला असं समजावं.

तुडवून काढलेला रस मातीच्या मोठ्या भांड्यात (हल्ली सर्रास प्लॅस्टिकच्या पिंपात) दोन-तीन दिवस ठेवतात. बाहेरून खमीर घालत नाहीत. फळाच्या सालीवर आणि हवेत जे असतं तेच काम करतं. रसावर फेस चढतो, बुडबुड्यांचा बारीक सूंसूं आवाज येत राहतो. तो थांबला की रस भट्टीला तयार.

भट्टीवरच्या भांड्याला ‘भाण’ म्हणतात. पूर्वी ते मातीचं असे, आता बहुधा तांब्याचं. रस भरला की तोंडावर लाकडी बूच बसवून, फडकं गुंडाळून फटी मातीनं लिंपतात. ही माती जुने लोक वारुळाची घेतात. ती चिकट असते आणि उष्णतेनं लवकर तडकत नाही. भाणातून निघालेली नळी ‘लवणी’ नावाच्या मडक्यात जाते, आणि लवणीवर सतत थंड पाणी ओतून आतली वाफ निववली जाते. बऱ्याच भट्ट्यांत लवणीची जागा पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यानं घेतली आहे. खरी कसोटी जाळाची. जाळ भडकला तर रस उतू जाऊन नळीत शिरतो आणि सगळी धार गढूळ होते; मंदावला तर धार तुटते. म्हणून भट्टीवाला माणूस बोलत असला तरी त्याचा एक डोळा लाकडांवरच असतो. पहिल्या भट्टीतून जे निघतं तो हुर्राक. त्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा भट्टी लावली की फेणी. जोर मोजायचं जुनं माप ‘ग्राव’, म्हणजे पोर्तुगीज अंश. फेणी 19-20 ग्रावांची हवी, हे गोव्यात अजून तसंच सांगतात.

भट्टी कुणीही, कुठंही लावायची नसते. अबकारी खातं काजूच्या पट्ट्यांचा लिलाव करतं, त्याला ‘पावणी’ म्हणतात.

पिण्याची पद्धत ठरलेली आहे. हुर्राक, बर्फ, लिंबाची पिळी, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिम्का. सोबत मीठ लावलेली कैरी, उकडलेलं अंडं नाहीतर सुकं मासळीचं काहीतरी. गावातली तावेर्न (दारूचा गुत्ता) म्हणजे पुष्कळदा घराचीच पुढची खोली: दोन बाकं, एक फळी, त्यामागं घरमालक. शहरी पबात शिरताना अंगावर येणारा आवाज इथं नसतो. वास मात्र येतो. पिकल्या बोंडूचा तो उग्र, गोडसर दर्प ज्याला चढतो त्याला चढतो, ज्याला नाही तो दारातूनच परततो. हुर्राक हलका लागतो आणि तिथंच नवखा फसतो. सरबतासारखे तीन पेले रिचवून मेच्या उन्हात उठलं, की पाय कुठं पडतात ते कळत नाही.

सरकारी मान मिळाला तो फेणीला. 2009 साली काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला, 2016 साली गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. हुर्राक या कागदांपासून दूरच राहिला. अलीकडे बाटलीबंद हुर्राकही दिसतो; तरी गोंयकार अजून ओळखीच्या भट्टीवरून पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून आणलेल्यावरच विश्वास टाकतो. हा हट्ट अगदीच वेडा नाही, कारण त्याला चव ताजेपणाची हवी असते आणि ताजेपणाला लेबल चिकटवता येत नाही.

सीमेअलीकडे सिंधुदुर्गात काजू तितकाच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा नामांकित जाती दिल्या, पण तो सारा विचार बीचा. परवान्याशिवाय दारू गाळणं 1949 च्या दारूबंदी कायद्यानं इथं गुन्हा. त्यामुळे बीपेक्षा कित्येक पट वजनाची बोंडं झाडाखालीच कुजतात. थोड्यांचं सरबत होतं इतकंच. पलीकडचा हुर्राक परवान्याविना आणू गेलं तर बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबते. दोडामार्गच्या बागायतदाराला आपल्या बागेतून पलीकडच्या भट्टीचा धूर दिसतो, ही गंमत त्याला फारशी गमतीची वाटत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की पडलेली बोंडं चिखलात जातात, रस पाणचट होतो, भाण धुऊन पालथं घातलं जातं. त्यानंतर तावेर्नमध्ये हुर्राक मागितला, तर फळीमागून एकच शब्द येतो: ‘सोंपलो.’