कॅरिअरचं वजन पेलतं कोण?

मंडईतून पंधरा किलो भाजी सायकलच्या कॅरिअरवर लादली, की ते वजन शेवटी येतं दोन बोल्टांवर. मागच्या आसाजवळ, फ्रेमच्या दोन्ही बाजूंना आटे पाडलेलं एकेक भोक असतं; कॅरिअरचे पाय तिथे बसतात. सीटखालच्या पट्ट्या कॅरिअरला पुढेमागे कलू देत नाहीत, एवढंच. जुन्या काळ्या सायकलींचे पाय थेट आसाच्या नटाखाली अडकत. गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा 5 मिमी जाडीचा, म्हणजे एम5 बोल्ट लागतो.

एवढासा बोल्ट तुटत कसा नाही? कारण वजन त्याच्यावर लटकतच नाही. 4 मिमीच्या ॲलन कीने सुमारे 5 न्यूटन-मीटरपर्यंत आवळलेला एम5 बोल्ट कॅरिअरचा पाय फ्रेमवर अंदाजे 500 किलो वजनाइतक्या जोराने दाबून धरतो. भार पेलतं ते या दाबातून येणारं घर्षण. बोल्ट सैल झाला की ते गेलं. मग प्रत्येक गतिरोधकावर पाय खालीवर सरकतो, बोल्ट केसभर वाकतो आणि सरळ होतो. हजारो वेळा असं झालं की आट्याच्या खाचेत बारीक तडा जातो आणि एक दिवस डोकं तुटून पडतं. फ्रेममध्ये रुतलेला उरलेला तुकडा काढणं, हे खरं दुखणं.

डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती पकडणारा भाग, आड येतो म्हणून काही जण चार-पाच वायसर रचून लांब बोल्ट घालतात. पाय फ्रेमपासून जितका लांब, तितका बोल्ट जास्त वाकतो. त्यापेक्षा डिस्कसाठी बनवलेलं, रुंद पायांचं कॅरिअर घ्यावं.

बसवताना चारही बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे फिरवायचे. एकच बाजू आवळून टाकली तर समोरचं भोक दोन मिलिमीटरने हुकतं, बोल्ट तिरपा घुसतो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. कॅरिअर जमिनीला समांतर आणि मडगार्डच्या बोटभर वर आलं, की आधी खालचे बोल्ट आवळायचे, मग वरचे. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये निदान 8 मिमी आटे धरले पाहिजेत. पण चेनच्या बाजूला बोल्ट आत फार डोकावता कामा नये. चेन सर्वांत लहान दातेरी चक्रावर टाकून पेडल मागे फिरवा, घासली की लगेच ऐकू येतं.

फ्रेमला भोकंच नसतील तर रबराचं अस्तर असलेल्या क्लॅम्प चालतात. कार्बनच्या फ्रेमवर मात्र नको.

कॅरिअरवर भारमर्यादा छापलेली असते, बऱ्याचदा 25 किलो. पण वजन किती यासोबत ते कुठे, हेही पाहावं लागतं. दोन चाकांत 105 सेंमी अंतर असेल आणि 15 किलो आसाच्या 10 सेंमी मागे, तर पुढचं चाक जवळपास दीड किलोने हलकं होतं. कात्रजच्या चढावर हँडल भिरभिरतं ते त्यामुळेही. पिशव्या पुढे सरकवाव्यात, टाच लागणार नाही इतपत.

पहिल्या 25-30 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. पायाखालचा रंगाचा थर तोवर दबलेला असतो आणि पकड तेवढीच ढिली झालेली असते.