जाड सोलचे बूट रोजच्या सरावात आले कुठून?

आज दुकानात रोजच्या सरावासाठी रनिंग शूज मागितले, तर समोर येणाऱ्या बहुतेक जोडांचा सोल टाचेखाली ३५ ते ४० मिलिमीटर जाड असतो. नव्याने धावायला लागलेल्याला वाटतं, रनिंगचा बूट पहिल्यापासून असाच असणार. प्रत्यक्षात २०१० च्या आसपास वारं नेमकं उलट्या दिशेला वाहत होतं. पातळ सोल, पाच बोटांचे मोज्यासारखे बूट, नाहीतर सरळ अनवाणी. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा अनवाणी धावणाऱ्यांचं पाऊल कसं पडतं यावरचा अभ्यास त्याच वर्षी जानेवारीत ‘नेचर’मध्ये आला होता. आपल्याकडे मिलिंद सोमण यांच्यामुळे अनवाणी धावणं घराघरांत माहीत झालं. मग दहा-बारा वर्षांत सगळं उलटं कसं फिरलं?

माझ्या मते या इतिहासाची किल्ली मऊपणात नाही, वजनात आहे. पायाखाली गादी असावी ही इच्छा जुनीच. अडचण एवढीच होती की गादी जड व्हायची. बुटाच्या वजनात दर १०० ग्रॅमला धावण्याचा ऊर्जाखर्च सुमारे एक टक्का वाढतो. म्हणून ओरेगॉनचे प्रशिक्षक बिल बोवरमन बुटातला ग्रॅम न् ग्रॅम कापत बसायचे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर ब्रुक्स कंपनीने ईव्हीए हा हवेच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेला हलका फोम सोलमध्ये आणला आणि रबराच्या जागी थोडी जाडी परवडू लागली. त्या दशकाच्या अखेरीस अंतराळ उद्योगातून आलेले अभियंते फ्रँक रूडी यांची हवेची पिशवी नाइकीच्या बुटात आली, तर १९८६ मध्ये असिक्सने जेल आणलं. तरीही जाडी एका मर्यादेपलीकडे गेली नाही.

ती मर्यादा मोडली डोंगरात. फ्रान्समधल्या आनसी या आल्प्सच्या पायथ्याच्या गावी निकोला मेरमू आणि जाँ-ल्युक दियार या दोघांनी २००९ मध्ये होका ही कंपनी काढली. दोघेही आधी सालोमन या स्की आणि डोंगरी खेळांचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीत होते, बर्फ आणि डोंगर या दोन्ही गोष्टी त्यांच्या रोजच्या. त्यांना हवा होता दगडधोंड्यांच्या उतारावरून वेगात उतरता येईल असा बूट. रुंद स्की जशी भुसभुशीत बर्फावर तरंगते, माउंटन बाइकचा जाड टायर जसा खडे गिळतो, तसं काहीतरी. त्यांच्या पहिल्या ‘मफाते’ मॉडेलचं नाव हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावरच्या एका दुर्गम खोऱ्यावरून घेतलं आहे. नुसता फोम वाढवला असता तर घोटा मुरगळला असता. म्हणून तळ रुंद केला, पाऊल फोमच्या काठांमध्ये थोडं आत बसवलं आणि सोलला झुलत्या खुर्चीच्या पायासारखा बाक दिला. लांब पल्ल्याच्या ट्रेल शर्यती धावणाऱ्यांनी तो आधी उचलला. २०१३ पर्यंत अमेरिकेच्या डेकर्सने कंपनी विकत घेतली आणि हा बूट डांबरी रस्त्यावर उतरला. म्हणजे रस्त्यावर रोज आठ किलोमीटर धावणाऱ्यासाठी तो मुळात बनलाच नव्हता.

दुसरी वाट शर्यतीतून आली. कोलोरॅडो विद्यापीठात रॉजर क्रॅम यांच्या चमूने ट्रेडमिलच्या पट्ट्यालाच बुटाच्या फोमच्या पट्ट्या चिकटवल्या आणि धावपटूंना त्यावर अनवाणी पळवलं. गादी आहे, पण तिचं वजन पायावर नाही, अशी ही सुंदर कल्पना. १० मिलिमीटर फोमवर ऊर्जा सरासरी १.६ टक्के वाचली. २० मिलिमीटरवर मात्र ठोस फायदा दिसला नाही. म्हणजे नुसती जाडी वाढवून भागत नव्हतं, फोमही तसा हवा होता. तो आला २०१७ मध्ये, नाइकीच्या व्हेपरफ्लायमध्ये. पेबॅक्स या हलक्या, उसळत्या प्लॅस्टिकचा फोम, आत कार्बनची वाकडी पट्टी, टाचेखाली सुमारे ४० मिलिमीटर, आणि वजन २०० ग्रॅमच्या आत. कोलोरॅडोच्याच चाचणीत, जिला नाइकीचं पाठबळ होतं, १८ धावपटूंचा ऊर्जाखर्च सरासरी चार टक्क्यांनी कमी भरला. जाडी आणि वजन यांचं जुनं भांडण इथे मिटलं.

मग नियम आला. अ‍ॅथलेटिक्सची जागतिक संघटना ‘वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स’ने जानेवारी २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलला ४० मिलिमीटरची मर्यादा घातली. पण हा नियम शर्यतीपुरता आहे, सरावाला नाही. इथूनच एक वेगळीच गंमत घडली: नियमाने अडवलेली जाडी रोजच्या बुटात शिरली. आदिदासचा प्राइम एक्स ५० मिलिमीटरचा, असिक्सचा सुपरब्लास्ट ४५ च्या आसपास. सप्टेंबर २०२१ मध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा व्हिएन्ना मॅरेथॉन पहिल्या क्रमांकाने संपवून बाद झाला, तो याच कारणाने. पायात होता पाच सेंटिमीटर सोलचा बूट.

या सगळ्या प्रवासात ‘गुडघे वाचतात’ हे वाक्य बुटासोबत चालत आलं. त्याला पुरावा मात्र उशिरा आणि गुंतागुंतीचा मिळाला. २०१८ मध्ये फिनलंडच्या युहा-पेक्का कुल्माला आणि सहकाऱ्यांनी जाड होका आणि साधा ब्रुक्स यांची तुलना केली. ताशी १४.५ किलोमीटर वेगाला पाऊल टेकतानाचा पहिला धक्का जाड बुटात सुमारे ११ टक्के जास्त निघाला. कारण पायाखाली मऊ लागलं की शरीर आपोआप पाय ताठ करतं, गुडघा कमी वाकतो. वाळूतून डांबरावर आल्यावर आपली चाल न सांगता बदलते, तसंच हे.

एवढ्यावरून जाड बूट वाईट ठरवायची घाई नको. लक्झेंबर्गच्या लॉराँ मालिसू यांच्या चमूने ८४८ हौशी धावपटूंना दिसायला एकसारखे, पण मऊपणात वेगळे बूट दिले आणि सहा महिने त्यांच्या दुखापती नोंदवल्या. कडक सोल घातलेल्यांना दुखापतीचा धोका सुमारे दीडपट होता. आणि पुढच्या विश्लेषणात त्याच चमूला पहिला धक्का मऊ बुटातच जास्त दिसला! धक्का जास्त, तरी दुखापत कमी. म्हणजे धक्क्याच्या एका आकड्यावरून दुखापतीचा अंदाज बांधण्याची आपली जुनी पद्धतच अपुरी आहे. शिवाय या अभ्यासात बदलला होता तो फोमचा मऊपणा, सोलची उंची नव्हे. दुकानातल्या माहितीपट्टीवर मात्र उंचीचे मिलिमीटरच ठळक छापलेले असतात, फोम किती दबतो याचा आकडा सहसा नसतो.